चोऱ्यामाऱ्यांच्या वस्तीत घर किती स्वस्त मिळायला हवं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घर घेणारे बहुतेक सगळे हेच विचारतात: ‘तिथं चोऱ्या होतात म्हणे, मग किती टक्के कमी करून मागायचं?’ असा ठोक टक्का नसतो. भाव पाडतात त्या डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा; पोलिसांच्या वहीतले आकडे त्यामानाने कमी.

मध्य लंडनमधल्या घरांच्या किमतींचा अर्थतज्ज्ञ स्टीव्ह गिबन्स यांचा २००४ सालचा अभ्यास आहे. त्यात घरफोड्यांचा किमतीवर मोजण्याजोगा परिणाम सापडला नाही; फुटक्या काचा, रंग फवारलेल्या भिंती अशा नासधुशीचा मात्र ठळक सापडला. नवल नाही. घरफोडी झाली की आठवड्यात कुलूप बदलतं, घर बघायला येणाऱ्याला पत्ताही लागत नाही. भिंत मात्र रोज दिसते. शिवाय चोर ऐवज असलेल्या घराकडे वळतो, त्यामुळे नुसते आकडे शेजारी मांडले तर महागड्या वस्तीतच घरफोड्या जास्त, असं उलटं चित्र दिसू शकतं.

दुसरी गोष्ट अंतराची. लिंडेन आणि रॉकॉफ या अर्थतज्ज्ञांनी २००८ सालच्या अभ्यासात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातले घरांचे व्यवहार तपासले. लैंगिक गुन्ह्याची नोंद असलेला माणूस राहायला आला, की एक दशांश मैलाच्या, म्हणजे साधारण १६० मीटरच्या आतली घरं सुमारे ४ टक्क्यांनी उतरली. त्यापलीकडे फरक दिसला नाही. तेव्हा ‘तो अख्खा भागच वाईट’ या बोलण्यावर भाव ठरवू नका, गल्ली विचारा.

आकडे मिळाले तरी भागाकार जपून करा. दोन हजार वस्तीच्या बाजारपेठेत वर्षाला ६० चोऱ्या झाल्या, तर दर हजारी ३० येतात. पण तिथं रोज वीस हजार माणसं ये-जा करत असतील, तर तोच दर ३ वर येतो. पाकीटमारी तिथल्या गिऱ्हाइकांची होते, वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची क्वचित. एका वर्षाच्या आकड्यावरही विसंबू नका, निदान तीन वर्षांचे बघा. पोलिसांवर भरवसा वाढला की तक्रारी वाढतात आणि कागदावर गुन्हे वाढल्यासारखे दिसतात.

मग किंमत? क्षेत्रफळ, वय आणि मजला सारखा असलेली, त्याच वर्षात विकली गेलेली चार-पाच घरं तुम्ही बघताय त्या आणि जवळच्या शांत गल्लीतून शोधा. सांगितलेला भाव धरू नका, नोंदलेला धरा. घर किती महिने पडून होतं तेही विचारा. मालक भाव न उतरवता वाट बघत बसला, की वस्तीच्या वाईट नावाचा परिणाम किमतीत न दिसता त्या पडून राहिलेल्या महिन्यांत दिसतो.

घासाघीस करताना दुरुस्त होणारं आणि न होणारं वेगळं काढा. जाळी, कुलूप, जिन्यातला दिवा यांचा खर्च मोजून वजा करता येतो. कोपऱ्यावरच्या अड्ड्याचा येत नाही. तो बघायला रात्री अकरा वाजता एकदा जाऊन या. दलाल घर दाखवतो ते दिवसाउजेडी.