तुम्ही विचारलंत म्हणून : त्या ८५ टक्क्यांबद्दल

‘वडील घशाच्या कॅन्सरनं गेले, तरी विडीच्या पुड्यावरच्या इशाऱ्याच्या चित्राला तुमचा विरोध?’ सोलापुरात भेटेल तो हेच विचारतो. चित्राला विरोध नाही हो माझा. कितीदा सांगू?

तंबाखूचा कायदा संसदेनं २००३ साली केला. पण पुड्याच्या किती भागावर इशारा छापायचा, हे केंद्राचं आरोग्य मंत्रालय अधिसूचना काढून ठरवतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये ४० टक्क्यांचे ८५ टक्के झाले ते असेच. असा नियम सभागृहापुढे तीस दिवस ठेवतात, तिथं कुणी हरकत घेऊन ती मंजूर करून घेतली नाही तर तो चालूच राहतो. ज्या नियमाची झळ हजारो चुलींना लागते, त्यावर आमच्या खासदारानं हो किंवा नाही म्हणायला नको?

२०१६ च्या सुरुवातीला मालकांनी नियमाविरुद्ध विडी कारखाना बंद ठेवला. माझी अम्मा, म्हणजे आई, तिथल्या विड्या वळते. तिनं आदल्या रात्रीच तेंदूपानं भिजवून ठेवलेली. सकाळी गेली, तर तंबाखू मिळाला नाही. भिजलेलं पान फार दिवस टिकत नाही. तिनं ती ओल्या गोणपाटात गुंडाळली, रोज पाणी शिंपडत राहिली. चौथ्या दिवशी बुरशीचा वास सुटला. तरी सूप मांडीवर घेऊन ती कात्रीनं पानं कापतच होती. ‘हात थांबला की बोटं आखडतात,’ म्हणाली. त्या आठवड्याची मजुरी बुडाली आणि वाण्याची उधारी वाढली.

पुढे पानटपरीवर तिनं ते नवं चित्र पाहिलं. ‘तुझ्या नान्नांचा गळा असाच झाला होता,’ म्हणाली आणि पुडा पालथा ठेवला. नान्ना म्हणजे माझे वडील. मला काही बोलता आलं नाही.

खरं सांगायचं तर, २०१५ मध्ये लोकसभेच्या नियम तपासणाऱ्या समितीनं ८५ टक्के लांबणीवर टाकायला सांगितलं, तेव्हा मी खूश होते. सभागृह जागं आहे, असं सगळ्यांना सांगत सुटले होते. मग कळलं, त्या समितीत विडीचे कारखानदार असलेले एक खासदारच बसले होते. तंबाखूनं कॅन्सर होतो असा भारतातला अभ्यासच नाही, असं समितीचे अध्यक्ष म्हणाले. नान्ना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. अखेर एप्रिल २०१६ पासून ८५ टक्के लागू झाले.

उद्या सभागृहानं मत घेऊन असा नियम पाडला, तर मी काय म्हणेन? मला ठाऊक नाही. तरी ते मत घेतलं जावं, उघड, नावानिशी. आणि ज्याचा विडीत पैसा आहे, त्यानं त्या वेळी बाहेर बसावं.