भोकाची खरेदी

तंबाखू ओढायचा पहिला पाईप घ्यायला निघालेला माणूस आधी लाकूड बघतो. साहजिकच आहे. काचेमागे ओळीनं मांडलेले ते तांबूस, चॉकलेटी, काळपट देह, त्यांच्यावरून वर चढत गेलेल्या ज्वाळेसारख्या रेषा आणि तळहातात अगदी मावणारी ती गोल वाटी बघून हात आपोआप खिशाकडे जातो. पण धूर लाकडातून येत नाही, लाकडातल्या भोकातून येतो. पैसे मोजायचे लाकडाचे आणि पुढची कित्येक वर्षं वापरायचं ते भोक, असा हा थोडा विनोदी सौदा आहे.

म्हणून आधी भोक बघावं. पाईप उजेडाकडे धरून वाटीच्या खळग्यात डोकवायचं. दांडीतून आलेलं भोक खळग्याच्या अगदी तळाशी आणि मधोमध उघडायला हवं. ते दोन-तीन मिलिमीटर वर असेल, तर त्याच्या खालची तंबाखू कधीच नीट जळत नाही आणि तिथे ओला, कडवट गाळ साचतो. एका बाजूला सरकलेलं असेल, तर आग त्या बाजूनं खाली उतरते आणि त्याच भिंतीला चटके बसतात. भोकाचा व्यास साडेतीन ते चार मिलिमीटर असला की ओढ सहज लागते. त्याहून बराच अरुंद असेल तर गाल आत जाईपर्यंत ओढावं लागतं. जोरानं ओढलं की निखारा भडकतो, वाफ वाढते आणि जीभ पोळते. मग नवशिका तंबाखूला नावं ठेवत डबा बदलतो आणि खरा दोषी दांडीत निवांत बसून राहतो.

दुकानात पाईप तोंडाला लावून बघू देत नाहीत, आणि देऊही नये. त्याऐवजी पाईप क्लीनर मागावा, म्हणजे ती कापसाची लव असलेली लवचीक तार. मुखनळीच्या टोकातून ती आत सरकवायची. नळी न काढता, तार फारशी न वळवता तिचं टोक खळग्याच्या तळाशी दिसलं, तर छिद्रं नीट जुळली आहेत. मध्येच अडली तर जोडात घोटाळा आहे. सरळ पाईपमध्ये ती बहुधा विनातक्रार जाते, फार बाकदार पाईपमध्ये बऱ्याचदा अडते. चित्रातल्या गुप्तहेराचा तो बाकदार पाईप रुबाबदार दिसतो, वाटीचं वजन खाली असल्यामुळे दातात धरायलाही हलका पडतो. पण वाकाशी पाणी साचतं आणि ते पुसायला तार पोचत नाही. किंचित बाक हवाच असेल तर घ्यावा, पण पहिल्या पाईपला तेवढा पुरे.

जोडाकडे दुर्लक्ष होतं, म्हणून त्याबद्दल आणखी थोडं. मुखनळीच्या टोकाची खुंटी दांडीतल्या खाचेत बसते. खुंटी आखूड आणि खाच खोल असेल तर मध्ये पोकळी राहते. गरम धूर त्या पोकळीत पसरून थंड होतो, त्यातली वाफ थेंब होऊन तिथेच थांबते आणि पाईप गुडगुडायला लागतो. गुडगुड हुक्क्याला शोभते. नळी काढून पुन्हा बसवताना ती गोल फिरवत, हलक्या दाबानं आत जायला हवी. सैल डुगडुगणारीही नको आणि जोर लावावा लागणारीही नको. बसल्यावर नळी आणि दांडी यांच्यामधून उजेड दिसता कामा नये.

आता लाकडाकडे वळायला हरकत नाही. बहुतेक पाईप ब्रायरचे असतात. भूमध्य समुद्राच्या आसपास वाढणारं 'एरिका आर्बोरिआ' नावाचं झुडूप, त्याच्या मुळाशी येणारी टणक गाठ म्हणजे ब्रायर. या गाठी तासन्तास उकळून त्यातला रस काढतात, मग महिनोन्महिने सावकाश वाळवतात. फ्रान्समधल्या सेंट-क्लोद गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हा उद्योग चालला आहे. ब्रायर उष्णता सोसतं, घाम शोषतं आणि सहजासहजी जळत नाही, म्हणून ते टिकलं. उभ्या रेषा, पक्ष्याच्या डोळ्यांसारखे ठिपके हे सगळं केवळ डोळ्यांसाठी. धुराला त्यातलं काही कळत नाही. गाठीत मातीचे, खड्यांचे खळगे निघतातच. गुळगुळीत पाईपमध्ये ते लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरून रंगवतात. लांबीचा एखादा ठिपका असेल तर बिघडत नाही, पण वाटीभर असतील तर सोडून द्यावा. वाळूचा मारा करून खरबरीत केलेला पाईप बहुधा स्वस्त पडतो, लाकूड तेच असतं आणि पकडायलाही बरा. आमचं मत त्याच्याच बाजूनं. काचेसारख्या चकचकीत, जाड व्हार्निशच्या पाईपपासून मात्र दूर राहावं. तो तापला की लेपाला फोड येतात.

खळगा साधारण 19-20 मिलिमीटर रुंद, 35 ते 40 मिलिमीटर खोल आणि भिंत निदान सहा मिलिमीटर जाड असावी. पातळ भिंत हाताला चटके देते. फार मोठा खळगा नवशिक्याला झेपत नाही; अर्ध्यातच आग विझते, पुन्हा पेटव, पुन्हा विझते. वजन चाळीस ग्रॅमच्या आसपास असलं की जबडा कुरकुर करत नाही. मुखनळी एक तर व्हल्कनाइटची किंवा ॲक्रिलिकची. व्हल्कनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. दातांना ते मऊ लागतं, पण उन्हात राहिलं की हिरवट होतं आणि जिभेवर गंधकाची चव सोडतं. ॲक्रिलिक चमकतं छान, दातांना मात्र कडक. फिल्टर असेल तर तो नऊ मिलिमीटरचा की सहाचा, हे विचारून घ्यावं. एकाचा दुसऱ्यात बसत नाही. फिल्टरनं ओल कमी होते, धोका जात नाही. पाईपचा धूर छातीत घेत नाहीत, तरी तोंडाच्या, ओठाच्या, घशाच्या कर्करोगाची जोखीम राहतेच. दुकानातला 'सौम्य' हा शब्द चवीपुरता समजावा.

पाईप आपल्याला जमेल का हीच शंका असेल, तर मक्याच्या कणसाचा घ्यावा. दाणे काढल्यावर उरलेल्या कणसाला पोखरून हे पाईप करतात. अमेरिकेत मिसुरीतल्या वॉशिंग्टन गावी 1869 पासून. हलका, स्वस्त, पहिल्या दिवसापासून सुकी चव देणारा. दिसायला गरीब आहे. जन्मभर पुरत नाही, तळाशी निखारा नेऊन ओढत राहिलात तर लवकरच जळतो. मीरशॉम म्हणजे तुर्कस्तानात एस्किशेहिरच्या परिसरात निघणारा मऊ पांढरा खनिज. त्याचा पाईप सुंदर, पण हातातून पडला की संपला. तो नंतर कधीतरी.

एक महागडा घेण्यापेक्षा दोन साधे घेणं शहाणपणाचं, कारण ओढून झालेल्या पाईपला दिवसभर वाळू द्यावं लागतं. उरलेल्या पैशात टॅम्पर (वाटीतली तंबाखू दाबायची दांडुकली), पाईप क्लीनर आणि काड्यापेट्या. काडीच्या टोकावरचं रसायन जळून गेल्यावरच ज्योत वाटीजवळ न्यायची. तंबाखू चिमटीत दाबून सोडली की हळूहळू फुलायला हवी. गोळा तसाच राहिला तर ती ओली आहे. अर्धा तास कागदावर पसरून ठेवावी.

नवा ब्रायर पहिल्या काही वेळा एक तृतीयांश भरावा, मग अर्धा, मग पूर्ण. त्यामुळे तळापासून कोळशाचा पातळ थर धरतो. तो एक-दीड मिलिमीटरवर जाऊ देऊ नये. जाड थर लाकडापेक्षा वेगळा फुगतो आणि वाटीला तडा पाडतो. पाईप गरम असताना नळी कधीच उपसायची नाही. खुंटी मोडते किंवा दांडी चिरते. आणि दुरुस्ती पाईपच्या किमतीवर जाते.

पहिल्या दहा-बारा वेळांनंतर वाटी उलटी करून तळातून काय पडतं ते बघावं. करडी, कोरडी राख पडली तर भोक जागच्या जागी आहे. तंबाखू नीट वाळलेली, ओढणंही सावकाश आणि तरीही दर वेळी काळी, ओली गोळीच निघत राहिली, तर दुकानात खळग्यात डोकवायला विसरलात.