सिलिंडरची चावी

मी भूलतज्ज्ञ. पुण्यातल्या वेगवेगळ्या हॉस्पिटलांत फिरून केसेस करते. एका क्लिनिकमधून पहिल्यांदाच फोन आला. "मॅडम, छोटीशी केस आहे. पोट, मांड्या आणि दंडांची लायपो. नुसतं सिडेशन द्यायचंय."

लायपो म्हणजे नळीनं चरबी ओढून काढणं, सिडेशन म्हणजे गुंगी. एका बैठकीत पोट, मांड्या आणि दंड, आणि केस म्हणे छोटीशी!

रिसेप्शन चकाचक. भिंतभर आधीचे-नंतरचे फोटो, कोपऱ्यात कॉफीचं मशीन. ऑपरेशनची खोली मात्र कालपरवापर्यंत फेशियलची असावी. मी कुठेही गेले की आधी ऑक्सिजन बघते. सिलिंडर होता, पण तो उघडायची चावी सापडेना. वॉर्डबॉय दोनदा खाली-वर पळाला. शेवटी ती रिसेप्शनच्या ड्रॉवरमध्ये, पावतीपुस्तकाखाली मिळाली. सिलिंडर उघडला तर काटा लाल पट्ट्यात.

मग 20 टक्के इंट्रालिपिड आहे का, असं विचारलं. सिस्टर डॉक्टरांकडे बघू लागल्या आणि डॉक्टर माझ्याकडे. लायपोत चरबीत सोडायच्या पाण्यात बधिर करणारं लिग्नोकेन आणि रक्तस्राव कमी करणारं ॲड्रेनलिन असतं. लिग्नोकेन चरबीतून सावकाश रक्तात उतरतं आणि त्याची पातळी बऱ्याचदा दहा-बारा तासांनी शिगेला पोचते. म्हणजे पेशंट घरी जाऊन झोपलेला असताना. म्हणून वजनाच्या हिशेबानं डोस ठरवायचा. किलोमागे 35 मिलीग्रॅम ही जुनी, सावध मर्यादा. डोस जास्त झाला तर झटके येतात, हृदय बंद पडू शकतं. त्यावरचा उतारा म्हणजे हे इंट्रालिपिड. "आज किती डोस ठरवलाय?" याचंही उत्तर "नेहमीचाच."

पाटीवर ‘कॉस्मेटिक सर्जन’ होतं. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं एमएस, त्यानंतर तीन वर्षांचं प्लास्टिक सर्जरीतलं एमसीएच, असा एरवीचा रस्ता. इथे भिंतीवर एमबीबीएसच्या शेजारी एका शॉर्ट कोर्सचं सर्टिफिकेट होतं, तेही सोनेरी फ्रेममध्ये. मी नकार दिला. "मागच्या वेळी दुसरे सर आले होते, त्यांना काही प्रॉब्लेम नव्हता," डॉक्टर म्हणाले. नसेलही.

पेशंट बाहेर गाऊन घालून, उपाशीपोटी बसलेली. चाळिशीच्या आतली, दोन सिझेरियन झालेली. केस का रद्द झाली हे तिला सांगायला डॉक्टर बाहेर आले नाहीत. मग मीच बसले.

"हे डॉक्टर कसे निवडले?"

"रील्स बघून. आणि हप्त्यांची सोय होती. ह्यांना सांगितलेलं नाही मी अजून."

किती इंच कमी होतील, डाग दिसेल का, एवढं तिनं विचारलं होतं. रात्री दोनला रक्तस्राव झाला तर कोण येणार, हे विचारायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं. नावापुढची डिग्री महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदलेली आहे का ते बघा, म्हटलं. आणि सरळ विचारा, "हेच ऑपरेशन तुम्ही आयसीयू असलेल्या कुठल्या हॉस्पिटलात करता?" मला हा प्रश्न डिग्रीइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण बरं हॉस्पिटल कागद बघितल्याशिवाय कुणाला थिएटरमध्ये उभं करत नाही.

नंतर ती एका प्लास्टिक सर्जनकडे गेली आणि तिथून चिडूनच मला फोन केला. त्यांनी तिला आडवं करून नुसती मान उचलायला सांगितली. पोटाच्या मधोमध उंचवटा आला. स्नायू फाकलेत, कातडी सैल आहे, नुसत्या लायपोनं ती आणखी लोंबेल, म्हणाले. टमी टक, म्हणजे सैल कातडी काढून स्नायू शिवायचं ऑपरेशन लागेल, पण आधी आठ किलो उतरवा, कारण लायपो वजन कमी करायचा उपाय नाही. "आठ किलो उतरवता आले असते तर ऑपरेशनला गेले असते का मी?" मला हसू आलं, पण गिऱ्हाईक परत पाठवणारा सर्जन तिला मिळाला याचं बरंही वाटलं.

सात किलोंवर गाडी अडली, सर्जननी तेवढं चालवून घेतलं. तारीख ठरल्यावर तिचा फोन, "मॅडम, भूल तुम्हीच द्या." नाही म्हटलं. त्या सर्जनबरोबर रोज उभा राहणारा भूलतज्ज्ञ आहे, तोच ठेवा. आणि यजमानांना सांगितलंत का, ते विचारलं.

"काल सांगितलं. आधी खर्च विचारला त्यांनी."