डीसीटी गाडी थरथरत होती आणि जॉब कार्डावर लिहिलं होतं ‘जनरल चेकअप’

सर्व्हिस सेंटरमधून फोन येतो, ‘सर एक ओटीपी आलाय बघा, सांगता काय’, आणि आपण सांगून मोकळे होतो. मी तीन वेळा सांगितला. त्या तीन ओटीपींनी माझे चार महिने खाल्ले, म्हणून हे लिहायला बसलोय. राग अजून गेलेला नाही, तेव्हा कुठे जास्त बोललो तर समजून घ्या.

गाडीचं नि कंपनीचं नाव लिहिणार नाही, विचारू नका. सात गिअरची ड्राय क्लचवाली डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टर्बो पेट्रोल, केए २२ म्हणजे बेळगाव पासिंग, गेल्या वर्षी पाडव्याला घेतली. पहिले तेरा महिने एक शब्द बोलायला जागा नव्हती. मे महिन्यात गोव्याहून चोर्ल्याने परत येत होतो, घाटाच्या चढाला पुढे एक लोड भरलेला ट्रक, त्याच्या मागे आम्ही पंधरा वीस गाड्या मुंगीच्या पावलानं. तिथे पहिल्यांदा थांबून निघताना गाडीनं अंग झाडल्यासारखं केलं. मग प्रत्येक वेळी. डॅशबोर्डवर ट्रान्समिशन गरम झाल्याचा मेसेज आला नि गेला. कणकुंबीला चहाला थांबलो, अर्ध्या तासानं निघालो तर काहीच नाही, मखमल. म्हटलं घाट होता, तापली असेल.

पण नंतर बेळगावातच सुरू झालं. सकाळी ऑफिसला जाताना काही नाही, संध्याकाळी सहा साडेसहाला कपिलेश्वर ब्रिजच्या चढावर ट्रॅफिक तुंबलं की पहिल्या दुसऱ्या गिअरला थडथडथड. कप होल्डरमध्ये मी टोलला म्हणून चिल्लर ठेवतो, ती नाणी अशी वाजायची की मागं बसलेल्या आईनं विचारलं, ‘काय रे, काय वाजतंय?’ म्हटलं गाडी. तर म्हणाली, ‘बुजलेला बैल जू खांद्यावर घेत नाही तसं करालीय ही.’ इतकं अचूक वर्णन पुढं कुठल्या इंजिनिअरनंही केलं नाही.

पहिल्यांदा सर्व्हिस सेंटरला गेलो तेव्हा अॅडव्हायजरला मराठीत सांगितलं, गाडी थरथरते. त्यानं टॅबवर काहीतरी टाइप केलं, ओटीपी आला, सांगितला. संध्याकाळी गाडी मिळाली, व्हील बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून, बिल ११८० रुपये. थरथरते म्हणजे व्हायब्रेशन, व्हायब्रेशन म्हणजे चाकं. चूक थोडी माझीपण आहे म्हणा, ‘चढावर, गरम झाल्यावर, पहिल्या दुसऱ्या गिअरला’ हे मी बोललो होतो पण जोर देऊन नाही. दुसऱ्यांदा जोर देऊन सांगितलं. ते म्हणाले सॉफ्टवेअर बघतो. तिसऱ्यांदा एक सिनिअर आले, कॅम्पाच्या सपाट रस्त्यावर, सकाळी दहा वाजता, थंड गाडी, दोन किलोमीटर चालवून आणली आणि म्हणाले, ‘एनू प्रॉब्लम इल्ला री, डीसीटी अशीच असते.’ मी चढावर चला म्हटलं तर लंच टाइम झाला होता.

उद्यमबागला माझ्या एका मित्राचं मशिन शॉप आहे, त्याला रविवारी गाडी चालवायला दिली. त्यानं दहा मिनिटात समजावलं. या डीसीटीत क्लच दोन असतात, एकावर १-३-५-७, दुसऱ्यावर २-४-६. एक गिअर चालू असतानाच दुसऱ्या क्लचवरचा पुढचा गिअर तयार, म्हणून बदलताना झटका लागत नाही. आता हे क्लच ऑइलमध्ये बुडालेले असले तर ऑइल उष्णता घेऊन जातं, आपले कोरडे आहेत, त्यांना फक्त हवा. गाडी मुंगीच्या पावलानं चालते तेव्हा क्लच पूर्ण धरतही नाही, पूर्ण सुटतही नाही, घासत राहतो. तापला की प्लेटवर चकाकी येते, मग धरताना नीट न धरता धरसोड धरसोड करतो, तेच थडथड. त्याच्याकडे कोपऱ्यात एक जुनी क्लच प्लेट पडली होती, ती बोटानं दाखवली, काचेसारखी गुळगुळीत नि कडेला निळसर डाग. म्हणाला थंड असताना बघितलं तर कुणालाच सापडणार नाही, आणि स्कॅनरला कोड येईलच असंही नाही. त्याला म्हणतात जडर. हा शब्द पाठ कर म्हणाला. खरं सांगतो, तीन फेऱ्यांत मला कुणी हा शब्द सांगितला नव्हता.

मग मेहुणा म्हणाला, कोल्हापूरला आणा, तिथले बरे आहेत, शिवाय मराठीत बोलता येईल. वॉरंटी कुठल्याही अधिकृत सेंटरला चालते हे खरंच आहे. ऑगस्टमध्ये एक दिवस रजा टाकून वंटमुरी घाट उतरून हत्तरगी, निपाणी, कोगनोळी करत ११० किलोमीटर गेलो. तिथल्या पोरानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं, नंबर टाकला, स्क्रीन बघितली आणि म्हणाला, ‘काका, पण तुमची याआधी कंप्लेंटच नाही ओ.’

म्हटलं तीन वेळा गेलोय.

त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. तीन नोंदी, म्हणजे तीन जॉब कार्डं. पहिली व्हील बॅलन्सिंग. दुसरी जनरल चेकअप. तिसरी जनरल चेकअप अँड वॉशिंग. ग्राहकाची तक्रार या रकान्यात तिन्ही वेळा तेच. गिअरबॉक्स, क्लच, ट्रान्समिशन हे शब्दच कुठे नाहीत. खाली हिरव्या अक्षरात, ग्राहकाने ओटीपीद्वारे मान्य केले. मी. मीच मान्य केलेलं.

मला तिथल्या त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या बसल्या घाम फुटला. म्हणजे कंपनीच्या लेखी ही गाडी सोळा हजार किलोमीटर एकदम सुखात चाललीय आणि हा माणूस उगाच गाडी धुवायला येतोय. पोरगा भला होता, म्हणाला आम्ही आज घेतली तरी पहिली तक्रार आजचीच धरणार, क्लचचं अप्रूव्हल वरून लागतं, ते हिस्टरी बघतात, तुम्ही तुमच्या सेंटरलाच हे दुरुस्त करून घ्या. भाषेचा प्रश्न नव्हताच मग, रकान्याचा होता. मेहुण्याच्या घरी जेवलो आणि परत. ती चिल्लर निपाणीपर्यंत वाजत होती असं मला वाटत होतं, खरं तर हायवेला ती कधीच वाजत नाही.

दुसऱ्या दिवशी इथल्या सेंटरला. म्हटलं तक्रार लिहा, आणि मी सांगतो तीच लिहा. अॅडव्हायजर नवीन होता, म्हणाला सिस्टममध्ये ड्रॉपडाऊन आहे, त्यात हे नाही. मी म्हटलं खाली रिमार्क असेल. आहे पण छोटा आहे म्हणाला. म्हटलं छोट्यात लिहा. ओटीपी आला. मी म्हटलं आधी जॉब कार्ड वाचायला द्या. तो म्हणाला, ओटीपी दिल्याशिवाय प्रिंट निघत नाही. मी म्हटलं वाचल्याशिवाय ओटीपी निघत नाही. तो हसला नाही. मागं चार पाच लोक, एक जण घड्याळ बघतोय, एक म्हणतोय ‘द्या की ओ लवकर’. मला लाज वाटत होती, हे कबूल करतो, मी भांडणारा माणूस नाही, बँकेतसुद्धा रांग सोडून देतो. पण बसलो. तो मॅनेजरला विचारून आला, नाही म्हणाला. मी म्हटलं मग स्क्रीनचा फोटो काढू द्या. परत मॅनेजर. पाऊण तास हेच. ओटीपीची मुदत संपली, दुसरा आला, तोही संपला. शेवटी मॅनेजर स्वतः बाहेर आला, टॅब माझ्या हातात दिला, आणि मी वाचलं: ‘जनरल चेकअप, जर्क’. जर्क! म्हटलं नाही. मित्रानं लिहून दिलेला कागद खिशात होता, तो त्यांच्यासमोर ठेवला आणि त्यांनी तो शब्दाला शब्द टाइप केला: क्लच गरम झाल्यावर चढावर पहिल्या व दुसऱ्या गिअरला जडर, ट्रान्समिशन गरम झाल्याचा इशारा, यापूर्वी तीन वेळा तोंडी तक्रार. इंग्रजीत दोन ओळी. मग ओटीपी दिला. त्या दोन ओळी म्हणजे माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं खरं काम, बाकी सगळं आपोआप झालं म्हटलं तरी चालेल.

त्याच दिवशी मी हट्ट धरला की टेस्ट माझ्यासमोर आणि संध्याकाळी. एक टेक्निशियन पोरगा आला लॅपटॉप घेऊन, स्टिअरिंगखाली वायर जोडली. कपिलेश्वर ब्रिजवर मी चालवतोय, तो क्लचचं तापमान बघतोय, मी मुद्दाम थांबतोय निघतोय, मागचे हॉर्न मारतायत. सातव्या की आठव्या वेळेला चिल्लर वाजायला लागली. पोरानं एक हात डॅशबोर्डवर ठेवला आणि म्हणाला, ‘हौद री, नडगतैति!’ म्हणजे होय हो, थरथरतेय! इतका आनंद झाला की मी त्याला कुंदा खाऊ घातला. गाडी बिघडलीय हे कुणी मान्य केलं म्हणून कुणाला आनंद झालेला बघितलाय काय तुम्ही? मला झाला.

पुढं अप्रूव्हलला वेळ लागला. आधी उत्तर आलं, क्लच वेअर अँड टेअर आहे, वॉरंटीत नाही. पुस्तिका काढून वाचली, झिजलेला क्लच नाही पण उत्पादनातला दोष असेल तर आहे. सोळा हजारात क्लच झिजला म्हणत असाल तर किती मिलिमीटर झिजला ते लिहून द्या, असा मेल टाकला. सगळी जॉब कार्डं, व्हिडिओ (बायकोनं काढलेला, मीटर नि नाणी दोन्ही दिसतात) जोडले. १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, फोन करून तक्रारीचा नंबर घेतला. ते कोर्ट नाही, कंपनीला पाठवतात एवढंच, पण कंपनीचा माणूस त्यानंतर पहिल्यांदा स्वतःहून बोलला. वकील मित्रानं पुढची तयारीही सांगून ठेवली होती: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दुकान कुठेही असो, गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यालाच, आणि १० ते २० लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये. मुदत मात्र दोन वर्षं. गरज पडली नाही.

गणपती झाले, पार्ट आला, डबल क्लच असेंब्ली बदलली, टीसीयूचं, म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअर नवीन टाकलं, दोन दिवसात गाडी दिली. बिल शून्य. याच्यावर लिहिण्यासारखं काही नाही, सगळं व्यवस्थित झालं.

आता आठवतंय तसं लिहितो. नवीन क्लच बसवल्यावर लर्निंग करावं लागतं, म्हणजे क्लच कुठे धरायला लागतो ते कॉम्प्युटरला शिकवायचं, ते केलंय का विचारा. चढावर ॲक्सिलरेटर धरून गाडी तोलून उभी करू नका, मी आधी तेच करायचो मॅन्युअलच्या सवयीनं, ब्रेक पूर्ण दाबा किंवा ऑटो होल्ड लावा. अर्धवट ब्रेक धरून सरकत राहिलं तरी क्लच घासतोच, त्यापेक्षा पुढच्याला दोन गाड्यांचं अंतर पडू द्या आणि मग एकदम निघा, मागचा बोंबलेल, बोंबलू दे. गरम झाल्याचा मेसेज आला तर बाजूला घेऊन पी मध्ये टाका, माझ्या मॅन्युअलमध्ये इंजिन चालू ठेवायला सांगितलंय, तुमचं बघून घ्या. व्हिडिओ गाडी चालवणाऱ्यानं काढू नये. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची तर मूळ वॉरंटी संपायच्या आत, आणि त्यात क्लच आहे का ते वाचून. आणि हो, टेस्ट ड्राइव्हला सकाळी कधीच जाऊ नका.

दसऱ्याला परत चोर्ल्याने जाऊन आलो, चढाला पुढे टँकर होता, एकदाही नाणी वाजली नाहीत. आई म्हणाली बैल वळला.

बॅलन्सिंगचे ११८० रुपये मागितलेत. ते चुकीच्या निदानाचे होते ना. तीन मेल झाले, अजून ‘नाळे सांगतो सर’, म्हणजे उद्या सांगतो, चाललंय.