पानं फुटली की रेंज जाते: आमची वाटचाल

द्राक्षबागेत पानांचा ओलावा मोजून रेडिओने कळवणारी उपकरणं आम्ही बनवतो. 2014 साली नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतला एका गाळ्यात आम्ही बहीण-भावाने काम सुरू केलं. दोन सोल्डरिंग स्टेशन, एक जुना ऑसिलोस्कोप आणि आजूबाजूच्या गावांतून दुरुस्तीला आलेले मोबाईल स्टार्टर, एवढंच आमचं भांडवल. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून अंबड एमआयडीसीत सहा वर्षं नोकरी केली होती. भाऊ वायरमन. शेतीपंपाला तीन फेज लाइट एका आठवड्यात दिवसा, तर पुढच्यात रात्री. मध्यरात्री बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, पायाखाली काय येईल सांगता येत नाही. आमच्या नानांनी हे आयुष्यभर केलं. त्यामुळे सिमकार्ड घातलेला स्टार्टर म्हणजे काय सोय आहे, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. घरून फोन लावला की मोटार चालू.

चार वर्षं त्यावर बरी गेली. 2018 च्या शेवटी किमान रिचार्जचे प्लॅन आले, 28 दिवसांना 35 रुपये. तोवर स्टार्टरमधल्या सिमला वर्षाकाठी एखादा रिचार्ज पुरायचा, कारण त्याला फक्त इनकमिंग लागायचं. त्यानंतर महिना उलटला की इनकमिंग बंद व्हायला लागलं. रक्कम छोटी, पण विहिरीवरच्या डब्यातलं सिम दर 28 दिवसांनी आठवणीने कोण भरणार? गाळ्यात रांग लागली. "ताई, मोटार फोन घेईना." स्टार्टर चांगला, मोटार चांगली, मधली वाट दुसऱ्याची. तेव्हा आम्ही ठरवलं की मधली वाटही आपलीच हवी, मोबाईल कंपनीऐवजी आपला रेडिओ.

आपला रेडिओ म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर? परवाना न काढता वापरता येतील असे पट्टे आपल्याकडे ठरलेले आहेत. वायफाय ज्यावर चालतं तो 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा आम्ही आधी पाहिला, पण झाडोऱ्यातून तो फार लवकर मरतो. 433 मेगाहर्ट्झला फक्त 10 मिलिवॉटची मुभा. राहिला 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा. तो 2005 साली खुला झाला आणि तिथे 1 वॉटपर्यंत ट्रान्समीटर चालतो. (2021 मध्ये हा पट्टा 868 पर्यंत वाढवला.) परवाना नको म्हणजे कागदपत्रं नकोत असं मात्र नाही. उपकरणाला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी या फ्रिक्वेन्सी सांभाळणाऱ्या शाखेची ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराची मंजुरी लागते. बाजारात ती न घेता विकणारे आहेत. आम्ही ती घेऊनच विकतो.

त्या पट्ट्यावर लोरा हे कमी ताकदीत लांब निरोप पाठवणारं रेडिओ तंत्र वापरायचं ठरलं. हे तंत्र फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सायक्लिओ या छोट्या कंपनीचं. 2012 मध्ये सेमटेक या चिप कंपनीने ती विकत घेतली. हार्मोनियमवर एकच पट्टी दाबून धरण्याऐवजी खालून वरपर्यंत बोट सरकवत न्यावं, तसा यात प्रत्येक निरोप चढत्या सुरांनी जातो. कान असा चढता सूर गोंगाटातही ओळखतो, आणि रिसीव्हरचंही तसंच आहे. सगळ्यात संथ सेटिंगला गोंगाटापेक्षा शंभरपट क्षीण सिग्नलसुद्धा तो उचलतो. त्यामुळे दोन पेन्सिल सेलएवढ्या ताकदीवर दोन-तीन किलोमीटर निरोप जातो.

स्टार्टर मागे राहिला आणि आम्ही द्राक्षबागेत शिरलो. कारण निफाड-दिंडोरीत सगळ्यात महागडा प्रश्न रात्री पडतो: पान किती तास ओलं राहिलं? डाऊनी या बुरशीजन्य रोगाची लागण पानांवरच्या ओलाव्यावर ठरते. पान रात्रभर ओलं असेल तर सकाळी फवारणी हवी. कोरडं असेल तर ती वाचते, पैसा वाचतो आणि एक्सपोर्टच्या मालात रेसिड्यूची, म्हणजे औषधाच्या उरलेल्या अंशाची, धास्तीही कमी होते. आम्ही एक नोड, म्हणजे बागेत बसवायचं छोटं यंत्र, बनवला. पानांचा ओलावा, तापमान, हवेतली आर्द्रता मोजायची आणि दर तासाला आकडे गेटवेला, म्हणजे सगळ्या नोडांचे निरोप गोळा करणाऱ्या रेडिओला, पाठवायचे.

पहिली चाचणी 2019 च्या एप्रिलमध्ये नानांच्या बागेत झाली. खरड छाटणी, म्हणजे वेल मागे कापणारी उन्हाळी छाटणी, नुकतीच झालेली, ओलांडे म्हणजे वेलीचे आडवे हात उघडे, वरच्या तारा मोकळ्या. गेटवे घराच्या गच्चीवर. भाऊ नोड हातात घेऊन चालत गेला, ओढा ओलांडला, पलीकडच्या बांधावर पोचला तरी मेसेज येत होते. आम्हाला फार आनंद झाला. ऑगस्टपर्यंत 40 नोड विकले.

त्या वर्षीचा ऑक्टोबर-नोव्हेंबर नाशिक जिल्ह्यातला कोणताही बागायतदार विसरणार नाही. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झालेली, घड बाहेर पडलेले आणि वरून अवकाळी पाऊस थांबायला तयार नाही. ज्या रात्रींसाठी लोकांनी आमचा नोड घेतला होता त्या ह्याच रात्री. आणि त्याच रात्रींना निम्म्याहून जास्त नोड गप्प झाले. एकेकाचे फोन यायचे आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. मोहाडीकडच्या एका तात्यांना मी पैसे परत द्यायला गेले. ते चिखलात उभे होते, हातात डाऊनी आलेला घड. म्हणाले, "पैशाचं नंतर बघू ताई. आधी हे गप का झालं ते शोधा."

ते शोधायला पूर्ण एक वर्ष लागलं. आमच्या वहीची सुरुवात तिथून झाली. लांबट हिशेबाची वही आहे. डाव्या पानावर एप्रिल, उजव्या पानावर नोव्हेंबर. बाग तीच, खांब तोच, नोड तोच, गेटवे तोच. फक्त मध्ये पानं आलेली. नानांच्या बागेतल्या सातव्या ओळीतल्या खांबाचं डावीकडचं रिडिंग उणे 101 डीबीएम, उजवीकडचं उणे 119. ज्यांचा या आकड्यांशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते: हे सिग्नलच्या ताकदीचे आकडे, दर 10 ला सिग्नल दहापट घटतो. 18 चा फरक म्हणजे साठपटीहून जास्त घट. पान म्हणजे मुळात पाणीच, त्यावर पावसाचं पाणी, आणि आमचा नोड वाय पद्धतीच्या मांडवात बरोबर पानांच्या पोटात बसवलेला. शिवाय अँटेना लोखंडी अँगलला चिकटून. 866 मेगाहर्ट्झला लहरीची लांबी साडेचौतीस सेंटिमीटरच्या आसपास असते. तेवढ्या अंतरात लोखंड आलं की अँटेना आपला सूर सोडते. बरेच लोक म्हणत होते पावसाने रेंज जाते. या फ्रिक्वेन्सीला आकाशातल्या पावसाने जवळजवळ काहीच होत नाही. नुकसान पानांवर साचलेल्या आणि कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्याने होतं.

उपाय साधा निघाला. ओलाव्याचा सेन्सर पानांतच राहू द्यायचा, कारण त्याचं काम तिथे आहे. अँटेना मात्र छोट्या केबलने वर काढायची आणि ओळीच्या शेवटच्या खांबाला पीव्हीसी पाइप बांधून मांडवाच्या वर तीन फूट न्यायची. शेवटच्याच खांबाला, कारण मधल्या ओळीत ट्रॅक्टरचा ब्लोअर फिरतो. केबल कनेक्टरला थेट खाली न आणता आधी खाली झोका देऊन मग वर वळवायची, म्हणजे पाणी झोक्यातून टपकून जातं. बोर्डोच्या, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाच्या, फवाऱ्याने बागेतल्या कुठल्याही सोलर पॅनलवर निळसर-पांढरा थर बसतो आणि पितळी कनेक्टर वर्षात हिरवे पडतात. म्हणून आता प्रत्येक जोडावर रबरी टेप ताणून गुंडाळतो. ही टेप कशी ताणायची हे नवीन पोराला शिकवायला मी स्वतः जाते.

दुसरी गोष्ट गेटवेच्या उंचीची. नुसतं समोर दिसलं म्हणजे झालं, असं रेडिओत नसतं. दोन टोकांमध्ये दुधी भोपळ्याच्या आकाराची जागा मोकळी लागते. 2 किलोमीटरला तिच्या मधल्या भागाची त्रिज्या 13 मीटर भरते आणि त्यातला साठ टक्के तरी भाग मोकळा हवा. गच्चीवरच्या पाइपने ते कसं जमणार? एका ग्रामपंचायतीने पाण्याच्या टाकीवर गेटवे लावायला परवानगी दिली आणि तिथून पुढे आम्ही गच्च्या सोडल्या.

2020 च्या हंगामात बहुतेक नोड बोलत राहिले. लॉकडाऊनमध्ये माल पोचवणं आणि पुढच्या वर्षी चिपा मिळणं, दोन्ही अवघड गेलं. ते सगळ्यांनीच भोगलं, त्यावर जास्त लिहीत नाही.

मोठा धक्का पुढे बसला, नोड साठाच्या वर गेले तेव्हा. रेंज होती, सेल चांगले होते, तरी लांबचे मेसेज हरवायचे. आम्ही सगळ्या नोडांना एसएफ 12 लावला, म्हणजे सगळ्यात संथ आणि सगळ्यात लांब जाणारं सेटिंग. हरवणं वाढलं. मग पोच मागायला लावली: गेटवेने "मिळालं" म्हटल्याशिवाय नोडने पुन्हा पुन्हा पाठवत राहायचं. त्याने तर आणखी बिघडलं.

भावाने शेवटी यूएसबीचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर लॅपटॉपला लावला आणि टाकीखाली बसून राहिला. स्क्रीनवर वेळ वरून खाली सरकत होती, रिकामी, निळी. बरोबर तासाच्या ठोक्याला तिरप्या रेघांचा एकच जाड पट्टा उमटला, आणि पुन्हा पुढचा तासभर काही नाही. साठ नोड एकाच क्षणी बोलत होते. आम्हीच सगळ्यांची घड्याळं रोज नेमाने जुळवत होतो आणि पाठवायची वेळ ठेवली होती तासाला शून्य मिनिटं. ग्रामसभेत सगळे एकदम उठून बोलले तर व्यासपीठाजवळच्याचाच आवाज पोचतो. रेडिओतही तसंच होतं, टक्कर झाली तरी जवळचा जोरदार सिग्नल वाचतो. म्हणून जवळचे नोड रोज सापडायचे, लांबचे रोज हरवायचे आणि आम्ही अंतराला दोष देत बसलो.

हा प्रश्न जुना आहे हे मला नंतर वाचताना कळलं. 1971 मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले, ते अलोहानेट. ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा बोलू दिलं, तर फार तर 18.4 टक्के वेळच कामी येतो, हे गणित तेव्हाच मांडलं गेलं. आमचे नोड तर वाटेल तेव्हासुद्धा बोलत नव्हते, ठरवून एकत्र बोलत होते. एसएफ 12 ला आमच्या एका छोट्या निरोपाला हवेत दीड सेकंदाच्या आसपास लागतो, एसएफ 7 या वेगवान सेटिंगला साधारण 60 मिलिसेकंद. सगळ्यांना संथ करून आम्ही प्रत्येक टक्कर पंचवीसपट लांब केली होती. आणि गेटवे पोच पाठवत असतो तेव्हा त्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. म्हणजे पोच मागून आम्ही त्याला बहिरं करत होतो.

आता प्रत्येक नोड आपल्या नंबरावरून स्वतःची मिनिटं-सेकंद काढतो आणि त्यात दर वेळी थोडा फेरफार करतो. जवळच्यांना वेगवान सेटिंग, संथ फक्त खरोखर लांबच्यांना. पोच बंद. त्याऐवजी प्रत्येक निरोपात मागच्या दोन तासांचे आकडेही जातात. एक मेसेज हरवला तरी पुढचा त्याची भरपाई करतो. पान किती तास ओलं होतं हे कळण्यात खंड पडत नाही, आणि शेतकऱ्याला तेवढंच हवं असतं.

थंडीचं सांगायचं राहिलं. लाटेत निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली येतो. पहाटे लोक बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू करतात, नाहीतर मणी तडकतात. ज्या पहाटे पारा सगळ्यात खाली, त्याच पहाटे काही नोड मरायचे आणि ऊन आलं की जिवंत व्हायचे. आम्ही 3.6 व्होल्टचे लिथियम थायोनिल सेल वापरतो. यांच्या आत लिथियमवर एक पातळ थर धरतो. त्या थरामुळेच सेल वर्षानुवर्षं टिकतो. पण नोड झोपेत असताना काही मायक्रोअँपिअर घेतो आणि बोलताना एकदम 120 मिलिअँपिअरपर्यंत मागतो. तेव्हा हाच थर आड येतो, व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि चिप रिसेट होते. गरम जागी साठवलेल्या सेलमध्ये थर जाड होतो, थंडीत त्याचा त्रास वाढतो. आमचे सेल उन्हाळाभर पत्र्याच्या गाळ्यात पडून होते. सेलला जोडून एक मोठा कपॅसिटर दिला, तो ती क्षणभराची मागणी भागवतो, सेलची पेटी घरातल्या थंड खोलीत नेली आणि ती पहाटेची मरणं थांबली.

आमच्याएवढ्या फर्मने याला संशोधन म्हणावं का, असं मला एकदा एका बैठकीत विचारलं गेलं. मी म्हणते. मोजल्याशिवाय आम्ही काही बदललं नाही आणि बदलल्यावर पुन्हा मोजल्याशिवाय विकलं नाही. तात्यांनी 2019 चे पैसे घेतलेच नाहीत. आता त्यांच्या बागेत आमचे चार नोड आहेत आणि नवीन काही बनवलं की पहिलं तिथेच लागतं.

सध्या काम चालू आहे ते व्हॉल्व्हचं. बागेतला ठिबकचा व्हॉल्व्ह घरून उघडायचा. आमचा नोड फक्त स्वतः बोलल्यानंतर क्षणभर कान उघडतो, मग झोपतो. म्हणून तासाला एकदाच त्याला काही सांगता येतं. व्हॉल्व्हला तासभर थांबून चालत नाही. कान सतत उघडे ठेवायचे तर सेल पुरत नाही, सोलर लागतं, आणि सोलर आलं की बोर्डोचा थर आला. पॅनल उभा लावून, मांडवाच्या बाहेर काढून बघतोय. परवा दिंडोरीत खरड छाटणी झालेल्या बागेत सहा व्हॉल्व्ह बसवले आणि प्रत्येक खांबाची रिडिंग घेतली. सगळी छान आली. डाव्या पानावर लिहून ठेवली आहेत. उजवं पान कोरं आहे, आणि ते भरेपर्यंत हे व्हॉल्व्ह विकायला काढणार नाही.