रेडिओवरून फोन लावताना पहिला आकडा का हरवतो

मोबाइल फोन खिशात येण्याआधी अमेरिकेतले हॅम (परवानाधारक हौशी रेडिओवाले) गाडीतल्या रेडिओवरून घरी फोन लावायचे. ही सोय म्हणजे ऑटोपॅच. डोंगरावर किंवा उंच इमारतीवर रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल जोरात पुन्हा पाठवणारं यंत्र, आणि त्याच्या कंट्रोलरला (त्याचा कारभार चालवणाऱ्या सर्किटला) जोडलेली एक साधी लँडलाइन. ती माइकवरच्या कीपॅडने उचलायची, नंबर फिरवायचा आणि बोलणं झालं की ठेवायची. आता असे रिपीटर मोजकेच उरलेत. पण जिथे आहेत तिथे नवखा हॅम ठरलेल्या जागीच अडखळतो.

आधी फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का ते ऐका. आपला कॉलसाइन (परवान्यावरचं ओळखचिन्ह) सांगा आणि ‘ऑटोपॅच’ एवढंच म्हणा. पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबा, एक सेकंद थांबा, मग क्लबने दिलेला कोड दाबा आणि पीटीटी सोडा. डायल टोन आला की पुन्हा पीटीटी, पुन्हा एक सेकंद, मग नंबर. काही कंट्रोलर कोड आणि नंबर एका दमात मागतात. त्यांच्यावर डायल टोनची वाट बघत बसलात तर मुदत संपते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

तो एक सेकंद खाऊ नका. बटण दाबल्याबरोबर रेडिओ पूर्ण ताकदीवर येत नाही. त्यात रिपीटरला सीटीसीएसएस टोन, म्हणजे आवाजाखालून सतत जाणारा ओळखीचा सूर, लागत असेल, तर तो खालच्या पट्टीतला टोन ओळखायला त्याला आणखी थोडा वेळ हवा असतो. तोवर आवाजाची वाट बंद असते. त्या वेळात दाबलेला आकडा कुठेच पोचत नाही, आणि दहा आकड्यांचा नंबर नऊचा होतो.

दुसरी गोम गाडीच्या वेगात आहे. प्रत्येक आकडा म्हणजे एकाच वेळी वाजणारे दोन सूर: ५ दाबला की ७७० आणि १३३६ हर्ट्झ. जुन्या कंट्रोलरमध्ये हे ओळखायला एमटी८८७० ही चिप हमखास सापडते. दोन्ही सूर साधारण ४० मिलिसेकंद सलग मिळाले तरच ती आकडा मान्य करते. आता १४६ मेगाहर्ट्झवर तरंगलांबी जेमतेम दोन मीटर, आणि परावर्तित लहरींमुळे सिग्नल साधारण दर मीटरला पडतो. ताशी ६० किलोमीटरने जाताना गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर कापते, म्हणजे दर ६० मिलिसेकंदांना एक खड्डा. लांब दाबलेला ५ मध्येच तुटतो आणि कंट्रोलर ५५ समजतो. घाईत दाबलेला गायबच होतो. सिग्नल भक्कम असेल तर हे खड्डे जाणवत नाहीत, पण रिपीटरच्या पल्ल्याच्या कडेवर असाल तर गाडी बाजूला लावून डायल करा. स्टिअरिंग धरून कीपॅड दाबणं तसंही शहाणपणाचं नाही. नंबर मेमरीत भरून ठेवला असेल आणि त्याचा वेग बदलता येत असेल, तर सर्वांत सावकाश ठेवा.

काही ठरावीक बटणंच घेतली जात नसतील, तर दोष बहुधा पातळीचा असतो. एफएम ट्रान्समीटर वरच्या सुरांना मुद्दाम जास्त जोर देतो आणि रिसीव्हरने तो तेवढाच कमी करायचा असतो. कंट्रोलरचा ऑडिओ डिस्क्रिमिनेटरवरून (रिसीव्हरमध्ये एफएममधून आवाज काढणाऱ्या भागावरून) थेट घेतला आणि ही दुरुस्ती राहिली, तर दोन सुरांमधला तोल बिघडतो. टोनचं डेव्हिएशन (त्याने फ्रिक्वेन्सी किती सरकते ते) जास्त ठेवलं तरी त्याला मर्यादा घालणारा लिमिटर सूर कापतो आणि ते ओळखणारी चिप त्यांना नाकारते. कमाल ५ किलोहर्ट्झ असेल तर टोन ३च्या आसपास बरा.

फोन लागल्यावर समोरच्याला पहिल्याच वाक्यात सांगा: मी रेडिओवरून बोलतोय, मी बोलत असताना तुझं मला ऐकू येणार नाही, आणि हे सगळे ऐकताहेत. सवय नसलेला माणूस मध्येच बोलतो आणि उत्तर आलं नाही की ‘हॅलो हॅलो’ करतो. लाइनचा आवाज रिपीटर सतत पाठवत असतो, पण तुमचा पीटीटी दाबलेला असताना तुमचा रिसीव्हर बंद असतो. एका बँडवर पाठवून दुसऱ्यावर ऐकायची सोय असेल तरच खरा दुतर्फा संवाद होतो. टायमर बहुतेक ठिकाणी तीन मिनिटांच्या आसपास लावलेला असतो, तेव्हा मुद्द्याचं आधी. शेवटी फोन ठेवायचा कोड दाबायला विसरू नका, नाहीतर समोरच्याने ठेवल्यानंतरचा टूं-टूं आवाज अख्ख्या गावाला ऐकवाल. मग कॉलसाइन.

९११ (अमेरिकेतला आपत्कालीन नंबर) लावताना आपण कुठे आहोत ते सर्वांत आधी सांगा. तिथल्या पडद्यावर पत्ता दिसतो तो लँडलाइनचा. तुम्ही वीस मैल लांब हायवेवर असाल आणि मदत रिपीटरच्या टेकडीकडे निघेल.

नियमांचं थोडक्यात: १९९३ साली एफसीसीने (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने) सैलपणा दिला, त्यामुळे पिझ्झा मागवला तरी चालतो, स्वतःच्या धंद्याचा फोन मात्र नाही.

लँडलाइनची सक्तीही आता उरलेली नाही. जिम डिक्सन यांनी ॲस्टरिस्क या टेलिफोन सॉफ्टवेअरवर रिपीटर कंट्रोलर उभा केला, आणि इंटरनेटने जोडलेल्या ऑलस्टार या हॅम जाळ्याचे नोड (त्यातली केंद्रं) त्यावरच चालतात. नेहमीच्या कॉन्फिगरेशनमध्ये स्टार ६ ने पॅच उघडतो, स्टार ० ने बंद होतो, नंबर दाबायला २० सेकंद मिळतात, आणि समोरच्याने ठेवला की लाइन आपोआप सुटते. मात्र फोनसाठी इंटरनेटवरच्या सेवेचं खातं आपलं आपण जोडावं लागतं. आणि स्टार दाबण्याआधीचा तो एक सेकंद इथेही द्यावाच लागतो, कारण नोडच्या रेडिओचा सीटीसीएसएस तसाच सावकाश उघडतो.