मागच्या सीटवरची ऊब

डिसेंबरातल्या पहाटे पुण्याहून नाशिक रस्त्याने मोटारसायकलवरून जाणाऱ्या माणसाला नद्या डोळ्यांनी पाहाव्या लागत नाहीत. त्या गुडघ्यांना कळतात. खेडला भीमा, कळंबपाशी घोड, नारायणगावला मीना. रस्ता उतरणीला लागून पूल जवळ आला की गारठ्याची भिंत अंगावर येते आणि पलीकडचा चढ लागला की ती मागे राहते. मला हे प्रथम कळले ते १९९४ च्या डिसेंबरातल्या पहिल्या शनिवारी. आम्ही चौघे होतो, विशीच्या आतबाहेरचे, आणि गाड्या दोन होत्या: एका मित्राच्या काकांची येझदी रोडकिंग आणि दुसऱ्याची आरएक्स १००. भंडारदऱ्याला जाऊन धरणाच्या पाण्याकाठी तंबू ठोकायचा, एवढाच बेत होता. पावसाळ्यात तिकडे सगळेच जातात, आपण थंडीत जायचे, हा हट्ट मुळात कोणाचा होता याबद्दल आमच्यात आजही एकमत नाही.

गाडीवर बसण्यासाठी म्हणून वेगळे कपडे असतात, हे आमच्या गावीही नव्हते. आईने विणलेला स्वेटर, त्यावर विंडचीटर, कानांवर माकडटोपी आणि तिच्यावर कसेबसे कोंबलेले हेल्मेट, एवढी आमची तयारी. हवेत १० अंश तापमान असेल आणि गाडी ताशी ५० च्या वेगाने धावत असेल तर अंगाला ते ५ अंशांसारखे लागते, हा हिशेब पुढे कधीतरी वाचनात आला. त्या दिवशी तो आमच्या छातीवर चालू होता. राजगुरुनगरच्या स्टँडवर आम्ही चहाबरोबर एक वर्तमानपत्र विकत घेतले आणि न वाचताच वाटून टाकले. घडी करून स्वेटरच्या आत छातीशी धरलेला कागद वारा असा काही अडवतो की एखाद्या महागड्या जाकिटानेही लाजावे. मुख्य अंक गाडी चालवणाऱ्याचा आणि पुरवणी मागे बसणाऱ्याची, असा नियम तिथेच ठरला.

कारण खरा प्रश्न कागदाचा नव्हताच, जागेचा होता. पुढे बसलेला माणूस वाऱ्याचा धनी आणि मागे बसलेला उबेचा. एरवी गाडी चालवायला मिळावी म्हणून भांडणारे आम्ही त्या पहाटे मागच्या सीटसाठी भांडत होतो. येझदीची सीट ऐसपैस, त्यामुळे तिच्या मागच्या जागेचा भाव सर्वांत चढा. शेवटी दर २५ किलोमीटरला अदलाबदल करायची असे ठरले आणि मैलाच्या दगडांकडे इतक्या आशेने मी आयुष्यात पुन्हा कधी पाहिले नाही. जो पुढे असे त्याला दगड हळू येत, जो मागे असे त्याला भराभर. 'अरे, २४ झालेत, लबाडी करू नकोस' हे वाक्य आळेफाट्यापर्यंत प्रत्येकाच्या तोंडून निघून गेले होते.

चंदनापुरी घाटाच्या अलीकडे येझदी बंद पडली. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी. त्यात थंडीमुळे, इंजिनाला जास्त पेट्रोल पोहोचवणारा चोक बराच वेळ ओढलेला राहिला होता. प्लग काढला तेव्हा तो काळाकुट्ट आणि तेलकट निघाला. पॉलिशपेपरने तो घासायला दहा मिनिटे लागली असतील, पण आम्ही अर्धा तास काढला, कारण सिलिंडर तापलेला होता. एका बाजूला दोघे आणि दुसऱ्या बाजूला दोघे उकिडवे बसून, देवापुढे धरावेत तसे हात सिलिंडरच्या फिन्सजवळ, म्हणजे त्याच्याभोवतीच्या धातूच्या पातळ पट्ट्यांजवळ, धरून होतो. प्रथम बोटांना काहीच कळेना, मग मुंग्या आल्या आणि मग ती अशी ठणकू लागली की डोळ्यांत पाणी यावे. माझा लोकरी हातमोजा फिन्सना चिकटला आणि जळक्या केसांसारखा वास सुटला. उजव्या तर्जनीला भोक पडलेला तो मोजा मी पुढची तीन वर्षे वापरला. येझदीत गियरचा दांडा आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होते. काकांचा पुतण्या ती किक मारत राहिला आणि आठव्या-नवव्या किकेला गाडीने निळा धूर ओकून आमचे शेकणे संपवले.

संगमनेर, अकोले, राजूर असे करत धरणाजवळच्या शेंडी गावाला पोहोचायला दुपार झाली. प्रवरेवरचे ते १९२६ साली पुरे झालेले धरण आम्ही जेमतेम पाहिले असेल. आमचे लक्ष पाण्याला अगदी लागून असलेल्या एका सपाट, हिरव्या तुकड्याकडे होते. तिथे खुंट्या ठोकू लागलो तेव्हा गुरे घेऊन परतणारे एक आजोबा थांबले, काठीवर हनुवटी टेकून थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "पोरांहो, पान्याच्या कडंला झोपू नका. गारठा खाली बसतो. वर टेकाडाव जावा." पहाटेच्या पुलांचे कोडे तिथे सुटले. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड होऊन जड होते आणि उतारावरून पाण्यासारखीच ओघळत खोलगट जागी साचते. पुलापाशी आम्हाला भिंत वाटत होती ती खरे म्हणजे तळी होती, गारठ्याची. आजोबा एवढ्यावर थांबले नाहीत. भाताची कापणी नुकतीच उरकलेली होती. त्यांनी खळ्यावरून पेंढ्याच्या दोन मोठ्या पेंढ्या आणून टाकल्या आणि तंबूखाली अंथरायला सांगितले. पैसे विचारले तर, "सकाळी गोळा करून ठिवा म्हंजी झालं, गुरांला लागतो," एवढेच म्हणाले. जर्मनीत १९५६ पासून ऐन हिवाळ्यात मोटारसायकलवाल्यांचा 'हत्ती मेळावा' भरतो आणि तिथले लोकही बर्फावर तंबूखाली पेंढाच अंथरतात, असे पुढे वाचले तेव्हा मला आजोबांची ती काठी आठवली.

दोघांच्या तंबूत चौघे झोपलो. ऊब मिळाली, पण तिची किंमतही चुकवावी लागली: आमचाच श्वास छतावर साचून रात्रभर आमच्याच तोंडावर ठिबकत होता. मधल्या दोघांना घाम आणि कडेच्या दोघांना हुडहुडी. मी कडेला होतो. मध्यरात्र उलटून गेल्यावर सोलापुरी चादर गुंडाळून बाहेर आलो. शेकोटीत निखारे होते, चंद्र नव्हता, आणि दक्षिणेकडे डोंगराच्या थोडा वर एकटाच एक तेजस्वी तारा होता. तो अगस्ती. ज्या अकोल्यावरून आम्ही दुपारी आलो तिथे प्रवरेकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे, आणि समुद्र पिऊन टाकणाऱ्या त्या ऋषींचा तारा इथे धरणाच्या पाण्यावर शांत थरथरत होता. फार वेळ पाहावेसे वाटले; पायांनी पाहू दिले नाही.

आता भंडारदऱ्याला पाण्याकाठी रांगेने रंगीत तंबू उभे असतात, गादी, रजई आणि गाणीही त्यातच मिळतात. त्याबद्दल नाक मुरडण्याचा मला अधिकार नाही, गेल्या वर्षी मीही त्यातल्याच एकात झोपलो. तंबू मात्र पाण्याला अगदी लागून होते आणि पहाटे सगळे कुडकुडत उठले, हे पाहून मला अजिबात वाईट वाटले नाही.

त्या रविवारी परतायला उशीर झाला. पेंढा गोळा करून खळ्यावर नेऊन टाकला तेव्हा आजोबा घरी नव्हते. कळंबच्या अलीकडे अंधार पडला आणि तिथून पुढे चालवण्याची पाळी माझी होती. घोड नदीचा उतार लागला, गुडघ्यांना नदी कळली, वर्तमानपत्र तोवर घामाने मऊ पडले होते. तरी पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, डोके टेकण्याएवढी एक जागा चांगली ऊबदार होती. पूल ओलांडल्यावर २५ किलोमीटर कधीच होऊन गेल्याचे माझ्या लक्षात आले. मी गाडी थोडी हळू केली, तेव्हा मागून जड आवाज आला, "झोपलो नाहीये रे. चालव तू."

मी चालवत राहिलो.